उठवलेली माणसे

छत्रपती संभाजीनगरहून नगरकडे जाणारा रस्ता गंगापूर तालुक्यात कायगावजवळ गोदावरी ओलांडतो. पुलाच्या अलीकडे कायगाव, पलीकडे टोके आणि प्रवरासंगम. नदी हीच इथे दोन जिल्ह्यांची हद्द. नाथसागर भरला की जायकवाडीचे पाणी इथवर चढते आणि प्रवरा गोदावरीला नेमकी कुठे मिळते ते काठावर उभे राहून सांगता येत नाही. अलीकडे रामेश्वर, पलीकडे सिद्धेश्वर, अशी पेशवाईतली घडीव दगडी देवळे दोन्ही तीरांवर आहेत, आणि दशक्रियेसाठी येणाऱ्यांची वर्दळ वर्षभर असते. १७६१च्या हिवाळ्यात निजाम अली फौजेनिशी पुण्याकडे निघाला तो याच वाटेने. जाता जाता त्याने टोक्याची देवळे फोडली, गाव लुटले. पानिपताला अजून वर्षही झाले नव्हते, जूनमध्ये नानासाहेब पेशवे वारले होते, आणि २० जुलैला साताऱ्याला पेशवाईची वस्त्रे घेतलेले माधवराव अवघे सोळा वर्षांचे होते. मोहीम चालवायला त्यांचे चुलते रघुनाथराव होते. टोक्याचा प्रकार निजामाच्याच फौजेतल्या मराठा सरदारांना सहन झाला नाही. सिंदखेडच्या जाधवांपैकी रामचंद्र जाधव फुटून पेशव्यांकडे आले आणि १७६२च्या जानेवारीत उरुळीजवळ निजामाला तह करावा लागला. रामचंद्र जाधवांचे नाव लक्षात ठेवावे. वर्ष-सव्वा वर्षात ते पुन्हा निजामाच्या छावणीत दिसणार आहेत, आणि त्यांच्या जोडीला पेशव्यांच्या घरची म्हणावीत अशी दोन माणसेही.

या काळाचा इतिहास आपण तीन ठिकाणांनी लक्षात ठेवतो : टोके, आळेगाव आणि राक्षसभुवन. एक विटंबना, एक घरातली लढाई, एक विजय. या तिन्हींच्या मधे जे घडले ते नेमणुकांच्या कागदांत आहे आणि कागद वाचायला लढाईइतके रंगत नाहीत, म्हणून ते मागे पडते. माझे म्हणणे असे की रघुनाथरावांच्या हातून राज्य निसटले ते १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनाच्या वाळवंटात नव्हे. आदल्या हिवाळ्यात आळेगाव जिंकल्यावर काही आठवड्यांत त्यांनी जी खांदेपालट केली, तिथेच ते निसटायला लागले. सत्ताधारी घरातले भांडण घरात राहते तोवर राज्याला फारसा धोका नसतो. ते पदांवर उतरले, म्हणजे कोणाची गादी कोणाला यावरून कोणाची फडणिशी, कोणाची मुतालिकी, कोणाचा किल्ला यावर आले, की राज्य हलते. खांदेपालटाचा हिशेब आपण नेहमी कोण आत आले यावरून मांडतो. कोणाला उठवले आणि तो उठून कुठे गेला, हा रकाना मात्र कोराच राहतो.

आधी भांडण समजून घेऊ. १७६१ साली रघुनाथराव सव्वीस वर्षांचे होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी लाहोरपर्यंत धडक मारली होती आणि वडीलभाऊ गेल्यावर कारभार आपल्याच हाती राहणार असे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांच्याबरोबर होते सखारामबापू बोकील, हिवऱ्याचे, त्या काळातले सर्वांत मुरलेले कारभारी. माधवरावांच्या बाजूला आई गोपिकाबाई, वाईच्या रास्त्यांच्या घरची. मुलाने स्वतः कारभार पाहावा, दीरावर विसंबू नये, हे तिचे मत लपलेले नव्हते. (याच गोपिकाबाई पुढे पुणे सोडून गंगापूरला राहायला गेल्या. ते गंगापूर आपले नव्हे, नाशिकजवळचे. दोन्ही गंगापुरे एकाच गोदावरीवरची, त्यामुळे जुन्या पत्रांत नाव आले की मराठवाड्यातला वाचक क्षणभर चमकतो.) १७६२मध्ये चुलते-पुतण्यांचे बिनसले. रघुनाथरावांनी, म्हणजे दादांनी, आणि बापूंनी कारभारातून अंग काढले. आपल्याशिवाय पोराचे चालणार नाही आणि तो समजूत घालायला येईल, असा त्यात हिशेब असावा. माधवरावांनी समजूत घातली नाही. दिवाणगिरीच्या कामावर त्र्यंबकराव पेठे यांना आणले, मिरजेचे गोपाळराव पटवर्धन त्यांच्या जोडीला आले, आणि जवळच्या कारकुनीसाठी हरिपंत फडके व बाळाजी जनार्दन भानू ही तरुण माणसे घेतली. भानू म्हणजे पुढचे नाना फडणवीस. म्हणजे पहिली खांदेपालट पुतण्याची होती. माझ्या मुद्द्याला ही गोष्ट अडचणीची आहे आणि तिच्याकडे पुढे वळावेच लागेल.

रागावलेले दादा नाशिकमार्गे थेट औरंगाबादेस गेले. तिथला निजामाचा सुभेदार मुरादखान याने त्यांचे स्वागत केले, मदत दिली. पेशव्यांच्या घरातला कर्ता पुरुष पेशव्यांशीच लढायला मोगलाईतून फौज घेऊन निघाला. नोव्हेंबरात घोडनदीवर चकमक झाली आणि १२ तारखेला भीमेकाठी आळेगावला माधवरावांचा मोड झाला. त्यांनी पळून न जाता चुलत्याच्या छावणीत जाऊन स्वतःला त्याच्या स्वाधीन केले. राज्याचे दोन तुकडे होण्यापेक्षा हे बरे, असा त्यामागचा विचार सांगतात. सतरा वर्षांच्या मुलाला हे सुचले याचे कौतुक सगळेच करतात आणि ते योग्यच आहे. पण मला त्यात आणखी एक व्यवहार दिसतो. माधवराव शरण गेल्याने दादांना शत्रूच उरला नाही. आता जो राग काढायचा तो पुतण्याच्या माणसांवर.

आणि तो निघाला. सखारामबापू मुख्य कारभारी झाले, यात नवल नव्हते. पण दादा तिथे थांबले नाहीत. भवानराव प्रतिनिधींना त्यांनी पदावरून काढले आणि आपल्या तान्ह्या मुलाच्या, भास्कररावाच्या, नावे प्रतिनिधिपद करून मुतालिकी, म्हणजे त्याच्या वतीने चालवायचा कारभार, नारोशंकरांना दिली. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेमुळे ज्यांचे नाव घरोघर माहीत आहे तेच हे. तान्हे मूल काय कारभार करणार? पद नारोशंकरांचे झाले आणि मालकी दादांच्या घराची. फडणिशी भानूंच्या घराकडून काढून चिंतो विठ्ठल रायरीकर या आपल्या विश्वासातल्या माणसाकडे दिली. आणि गोपाळराव पटवर्धनांची मिरज घ्यायला स्वतः फौज घेऊन गेले. १७६३च्या सुरुवातीला मिरजेचा किल्ला पटवर्धनांच्या हातून गेला.

ही दोन पदे आणि मिरज म्हणजे काय होते हे जरा जवळून पाहायला हवे, नाहीतर हा नुसता नावांचा खेळ वाटेल. प्रतिनिधिपद राजाराम महाराजांनी जिंजीला असताना निर्माण केले आणि मानाने ते पेशव्यांच्याही वर होते. त्याची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींनी द्यायची. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर, १७४९नंतर, छत्रपतींची सही पेशवे सांगतील तिथे होत असली तरी पेशव्याच्या चुलत्याने प्रतिनिधी उठवावा ही गोष्ट साताऱ्याच्या परिवारातल्या सगळ्या जुन्या घराण्यांना झोंबणारी होती. आज भवानराव, उद्या आपण. फडणिशीचे काम वरून कारकुनी दिसते. रोजकीर्द ठेवायची, जमाखर्चाचा ताळेबंद करायचा, सनदा-हुकूम फडातून तपासून जाऊ द्यायचे. पण सरदाराचा सरंजाम, त्याच्या घोडदळाचा पगार, त्याने मोहिमेत केलेल्या खर्चाचा मुजरा, सगळे याच फडातून जाते. फडणीस बदलला की प्रत्येक सरदाराच्या मनात एकच प्रश्न : माझा मागचा हिशेब हा नवा माणूस मान्य करील का? आणि मिरज तर नुसता किल्ला नव्हता. पटवर्धनांचे बळ, पागा, घर, बायकामुले, सारे तिच्याभोवती होते. ती काढून घेणे म्हणजे गोपाळरावांना घरातून उठवणे.

उठवलेले तिघे कुठे गेले? गोपाळराव आणि भवानराव निजामाकडे गेले. टोक्याच्या विटंबनेवरून निजामाला सोडून आलेले रामचंद्र जाधवही परत तिकडेच गेले. तिसरे, भानूंचे घर, कुठेच गेले नाही. ते माधवरावांजवळ राहिले, हा भेद पुढे उपयोगी पडेल. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याला आयती संधी मिळाली. पेशव्यांनी दुखावलेल्यांची मोट बांधायची, नागपूरच्या जानोजी भोसल्यांना साताऱ्याच्या कारभाराची आशा दाखवायची आणि पेशवाई मोडायची, असा त्याचा बेत. जानोजी आले. १७६३च्या वसंतात पेशव्यांची फौज निजामाचा मुलूख लुटत हिंडत होती. औरंगाबादच्या तटावर चढण्याचा तिचा प्रयत्न फसला. त्याच वेळी निजामाची फौज पुण्यात शिरली आणि मे महिन्यात पुणे लुटले गेले, जाळले गेले. त्या फौजेत गोपाळराव पटवर्धन होते. सहा महिन्यांपूर्वी पेशव्याच्या मसलतीत बसणारा माणूस पेशव्याची राजधानी जाळणाऱ्यांबरोबर. याला फितुरी म्हणता येईल, आणि कित्येकांनी म्हटलेही. मला तो शब्द आळशी वाटतो. ज्याची मिरज घेतली तो मिरज परत मिळवायला गेला होता.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. पेशवाईतल्या ‘साडेतीन शहाण्यां’ची आपल्याकडे जी म्हण झाली आहे, त्यातले तीन पूर्ण शहाणे म्हणजे सखारामबापू बोकील, नागपूरकरांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा विठ्ठल सुंदर. अर्धे नाना फडणवीस, कारण ते तलवारीचे गडी नव्हते. हे साडेतीनही जण या एकाच वर्षाच्या खेळात आहेत आणि चौघे चार जागी. बापू दादांचे कारभारी, देवाजीपंत जानोजींचे, विठ्ठल सुंदर निजामाचा, आणि नाना फडणिशी गमावून पुतण्याच्या पदराशी. म्हणजे तीन दरबारांतली तीन कर्ती डोकी मराठी बोलणाऱ्या ब्राह्मण कारभाऱ्यांची होती आणि त्यांना एकमेकांची चाल पुरती ठाऊक होती. कारभारी एका दरबारातून दुसऱ्यात सहज रुळू शकत असे. भाषा तीच, मोडी तीच, हिशेबाची रीत तीच. उठवलेल्या माणसाला दुसरे दार इतके जवळ होते म्हणूनच त्या काळी खांदेपालट इतकी महाग पडे.

आता आक्षेप. पहिला उघड आहे : मंत्रिमंडळ, खांदेपालट हे आजचे शब्द अठराव्या शतकावर का लादायचे? तेव्हाची पदे वंशपरंपरेची, सरंजामाची. आजचा मंत्री म्हणजे उद्या सकाळी राजीनामा मागितला तर देणारा माणूस. हे खरे आहे आणि म्हणूनच तेव्हाच्या खांदेपालटीची किंमत आजच्याहून फार मोठी होती. आज राज्यघटनेच्या १६४व्या कलमाप्रमाणे मंत्री राज्यपालांची मर्जी असेतोवर, म्हणजे व्यवहारात मुख्यमंत्र्यांची मर्जी असेतोवर, पदावर असतो. पदाबरोबर त्याची गाडी जाते, बंगला जातो, घोडदळ जात नाही कारण ते त्याच्याकडे नसतेच. भवानराव, गोपाळराव यांच्याकडे ते होते. तरीही एक गोष्ट दोन्ही काळांत सारखी आहे : पदे मोजकी असतात. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळ विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर नेऊ नये असे ठरवले. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांच्या हिशेबाने मुख्यमंत्र्यांसह ४३. आणि त्यातही अर्थखाते एकच असते, जसे प्रतिनिधिपद एकच होते. नव्याला बसवायचे तर जुन्याला सरकवावेच लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. मराठा सरदार निजामाकडे जाणे-येणे ही त्या काळची रीतच होती. जानोजींना कोणी कुठून उठवले नव्हते, तरी ते गेले. मग पदांना एवढे महत्त्व का? मला वाटते, जानोजींकडे पाहिले तर उलट माझाच मुद्दा पक्का होतो. जानोजी महत्त्वाकांक्षेने गेले होते, आणि महत्त्वाकांक्षेची बोली लावता येते. ३२ लाखांच्या मुलुखाचे वचन मिळताच राक्षसभुवनाच्या वेळी ते निजामापासून बाजूला झाले. गोपाळराव आणि भवानराव यांना नवा मुलूख नको होता, स्वतःचेच परत हवे होते. ते द्यायचे तर दादांना आपल्या माणसांकडून काढून घ्यावे लागले असते. म्हणून जानोजींना वळवणे हे लाखांचे काम होते आणि या दोघांना वळवणे हे आपला निर्णय मागे घेण्याचे. कोणत्याही सत्ताधाऱ्याला दुसरे काम पहिल्यापेक्षा कठीण जाते.

तिसरा आक्षेप मी वर टाळून आलो : पहिली खांदेपालट तर माधवरावांची, सखारामबापूंच्या जागी त्र्यंबकराव पेठे. ती चूक नव्हती का? होती, असे मी म्हणेन. तिची किंमत त्यांनी आळेगावला मोजली. दोघांनीही तीच चूक केली, पुतण्याने आधी आणि चुलत्याने मागून. पुतण्या तेवढ्यात काहीतरी शिकला आणि चुलता शिकला नाही, असे पुढे दिसते. कोणी म्हणेल, हा नुसता स्वभावाचा फरक, दादा उतावळे आणि माधवराव धीराचे. स्वभाव असेलही. पण स्वभावावर भागवायचे तर इतिहास लिहायचे कारणच उरत नाही. शिवाय लोककथेत दादांच्या प्रत्येक चुकीचे खापर त्यांच्या पत्नी आनंदीबाईंवर फोडायची जी सोय आहे, ती याच वाटेने येते. १७६२-६३च्या नेमणुकांत आनंदीबाईंचा हात शोधायची काही गरज नाही. विजयाच्या दुसऱ्या दिवशी मदत करणाऱ्यांचे देणे फेडायचे असते आणि तिजोरीत पदांखेरीज काही नसते, एवढे कारण पुरेसे आहे. आळेगावला दादांसाठी जे लढले त्यांना काही तरी द्यायला हवे होते, आणि पानिपताने राज्य कर्जबाजारी झाले होते.

राक्षसभुवनाची लढाई मी थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात गोदावरी भरली होती. निजाम अली बऱ्याच फौजेसह नदी ओलांडून उत्तर तीरावर आला आणि विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर अडकला. कायगावच्या खाली, पैठणच्याही पुढे, आजच्या बीड जिल्ह्यात ही जागा आहे. १० ऑगस्टला पेशव्यांनी हल्ला केला. सुरुवातीला हत्तीवर बसलेले दादाच शत्रूच्या गराड्यात सापडले आणि माधवरावांनी धावून जाऊन त्यांना सोडवले. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावरून निजामाला पाहण्याखेरीज काही करता आले नाही. पूर ओसरल्यावर पेशव्यांनी औरंगाबाद गाठली आणि २५ सप्टेंबरला तह झाला. ८२ लाखांचा मुलूख पेशव्यांना मिळाला, त्यात उदगीरच्या विजयातले आधीचे ६० लाख आले. पुराने लढाई जिंकून दिली असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण पुराने तहानंतरचे राज्य सावरले नाही.

ते सावरले ते तहानंतरच्या नेमणुकांनी. त्या पाहिल्या की मला माधवरावांबद्दल, त्यांच्या रणातल्या धैर्याहूनही, जास्त आदर वाटतो. भवानरावांना प्रतिनिधिपद परत. गोपाळराव पटवर्धनांना मिरज परत, म्हणजे पुणे जाळणाऱ्या फौजेत असलेल्या माणसाला त्याचे घर परत. दादांची त्याला फारशी संमती नव्हती. फडणिशी बाळाजी जनार्दनांकडे. इथपर्यंत हा केवळ सूड उलटवण्याचा प्रकार वाटू शकतो : चुलत्याने केलेले पुतण्याने मोडले. पण आता या यादीत कोण नाही ते पाहा. सखारामबापू उठवले गेले नाहीत. आळेगावच्या मसलतीचा सूत्रधार, दादांचा उजवा हात, ज्याला काढायला माधवरावांजवळ आता निमित्तही होते आणि बळही, तो कारभारात राहिला. कारभार हळूहळू स्वतःच्या हाती घेत माधवरावांनी बापूंना शब्दाशब्दाला विचारायचे थांबवले, पण त्यांना बाहेर ढकलले नाही. बाहेर ढकललेले बापू कोणाच्या दारात गेले असते याचा अंदाज गेल्या वर्षाने दिला होता.

याच दोन वर्षांत नदीच्या दुसऱ्या काठावरच्या घराचेही भांडण चालू होते, आणि ते इथे आठवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. पहिले निजाम आसफजाह १७४८ साली वारल्यापासून त्यांच्या मुला-नातवांत गादीसाठी ओढाताण होती. १७६२च्या जुलैत निजाम अलीने आपला भाऊ सलाबतजंग याला गादीवरून काढून बिदरच्या किल्ल्यात टाकले. सलाबतजंग तिथेच पुढच्या वर्षी मेला. दुसरा भाऊ बसालतजंग दूर अदोनीला होता. म्हणजे निजामाच्या घरात भावाला उठवले आणि दिवाणाला ठेवले, पेशव्यांच्या घरात पुतण्याला ठेवले आणि त्याची माणसे उठवली. निजामाची रीत क्रूर होती, पण त्यामुळे त्याचा कोणी दिवाण किंवा सरदार रागावून पेशव्यांकडे आला नाही. त्याच सुमारास निजामाने राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेला नेली. कायगावच्या उत्तरेकडचा हा सारा मुलूख, म्हणजे आजचा गंगापूर तालुकाही, राजधानीच्या अंगणातून परसात गेला.

२०२३ सालच्या जुलैत महाराष्ट्रात काका-पुतण्यांची जुनी कथा पुन्हा सगळ्यांच्या तोंडी होती. २ जुलैला अजित पवार आणि त्यांच्याबरोबरच्या आठ जणांनी मंत्रिपदाची शपथ घेतली आणि पेशवाईचे दाखले धो धो वाहू लागले. दाखले बहुतेक घराविषयी होते, कोण काका आणि कोण पुतण्या. माझी नजर १४ जुलैच्या खातेवाटपावर जाते. अर्थ खाते देवेंद्र फडणवीसांकडून अजित पवारांकडे गेले. शेती खाते धनंजय मुंडेंकडे आणि सहकार दिलीप वळसे पाटलांकडे. ही शेवटची दोन खाती ज्यांच्याकडून गेली ते अब्दुल सत्तार आणि अतुल सावे, दोघेही याच जिल्ह्यातले. पवारांच्या घरातल्या भांडणाशी दोघांचाही काडीचा संबंध नव्हता. पण भांडणातून आलेल्याला बसवायला जागा त्यांच्या खुर्चीची लागली. त्यांना दुसरी खाती मिळाली आणि ते सरकारातच राहिले. आज जायला दुसरे दार नाही असे नव्हे. पण पक्षांतरबंदीच्या कायद्याने ते दार इतके अरुंद केले आहे की एकट्यादुकट्याला त्यातून जाता येत नाही, मोठा जथा लागतो. गोपाळरावांना असा जथा जमवावा लागला नाही. त्यांची पागा हाच त्यांचा जथा होता.

माधवरावांनी दादांनाही शेवटपर्यंत मोकळे ठेवले असे नाही. राज्याची वाटणी मागणाऱ्या चुलत्याला त्यांनी १७६८च्या जूनमध्ये धोडपला पकडले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. माझ्या मताविरुद्ध हा पुरावा कोणी पुढे करील : शेवटी उठवावेच लागले ना? लागले. पण १७६८ साली दादांबरोबर पटवर्धन नव्हते, प्रतिनिधी नव्हते, फड नव्हता. पाच वर्षे बहुतेकांना जागेवर ठेवल्यामुळे शेवटी ज्याला उठवायचे तो एकटा उरला होता, आणि त्यामुळे ते एका लढाईत भागले. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ला थेऊरला गेले. ३० ऑगस्ट १७७३ला त्यांच्यामागून पेशवे झालेले धाकटे भाऊ नारायणराव यांचा खून झाला, दादा पेशवे झाले, आणि मग त्यांच्याविरुद्ध जे बारभाई उभे राहिले त्यांची नावे वाचताना १७६२ची यादीच पुन्हा वाचल्यासारखी वाटते. फडणिशी गमावलेले नाना, त्र्यंबकराव पेठे, हरिपंत फडके. आणि त्यांच्या अग्रभागी सखारामबापू, दादांचेच जुने कारभारी. त्र्यंबकराव १७७४ साली दादांशी लढताना पडले. दादा सुरतेला इंग्रजांच्या आसऱ्याला गेले. बापूंनाही शेवट सुखाचा आला नाही. नानांनी त्यांना १७७९ साली कैद केले, ते दोन वर्षांनी रायगडावर वारले.

इंग्रजांशी झालेल्या सालबाईच्या तहाने १७८२ साली दादांना महिना २५ हजार रुपयांची नेमणूक ठरली आणि राहण्यासाठी त्यांनी कोपरगाव निवडले. कायगावाहून गोदावरीच्या काठाकाठाने वर गेले की कोपरगाव लागते. नारोशंकर, चिंतो विठ्ठल यांना त्यांनी एके काळी जे देऊ केले होते तसले काहीच या नेमणुकीत नव्हते. खर्चाची रक्कम होती, आणि ती पुण्याच्या फडातून, नाना फडणवीसांच्या नजरेखालून येत होती. १७८३च्या डिसेंबरात तिथेच त्यांचा मृत्यू झाला.